टाकीवरचा नवा दिवा

माशांच्या टाकीवरची ट्यूब काही एकाएकी गेली नाही. आधी ती एका टोकाला काळी पडली, मग आठवडाभर मिचमिच करत राहिली, आणि एका सकाळी डोळेकाकांनी बटण दाबलं तर टाकीत अंधारच. दोन्ही मासे काचेपाशी येऊन तोंडाची उघडझाप करत उभे. काकांनी ट्यूब फिरवून पाहिली, टोकं पुसली, शेवटी वरून दोन टपल्याही मारल्या. जुन्या माणसांचा टपलीवर भारी विश्वास. ट्यूब ढिम्म.

"अहो, गेली ती," काकू आतून म्हणाल्या. "किती दिवस धरून ठेवणार? जाऊ द्या आता तिला."

डोळे हे काकांचं आडनाव नव्हे, एवढं आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पोस्टमनपासून जावयाच्या घरच्यांपर्यंत सगळ्यांचा तसा समज आहे. खरं आडनाव वेगळंच, पण बँक आणि दवाखाना सोडला तर ते कुठे वापरातच आलं नाही. हे नाव पडलं कलर लॅबमध्ये. कॅमेऱ्यात रोल घालण्याचे दिवस होते ते. लोक रोल आणून द्यायचे, लॅबवाले तो धुवायचे आणि निगेटिव्हवरून कागदावर फोटो छापायचे. आता निगेटिव्ह म्हणजे सगळंच उलटं आणि वर नारिंगी. त्यातून माणसाचा खरा रंग बाहेर काढायचा तर दिव्यापुढचे रंगीत फिल्टर कमीजास्त करावे लागायचे. किती कमी आणि किती जास्त, हे सांगणारा माणूस म्हणजे काका. प्रिंट हातात आली की ती खिडकीशी धरायची, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचं, "पिवळा दोनाने उतरव, बाईला कावीळ झालीय." पुढची प्रिंट निघायची ती टवटवीत. एकदा मालकांनी हौसेने रंग मोजायचं यंत्र आणलं. यंत्राचं आणि काकांचं जुळेना. तर मालकांनी काय करावं? कंपनीच्या माणसाला बोलावून यंत्र दुरुस्त करून घेतलं! तेव्हापासून लॅबमध्ये काहीही अडलं की "डोळ्यांना विचारा", आणि माणसाचे झाले डोळेकाका.

टाकीसुद्धा लॅबचीच. फोटो तयार व्हायला वेळ लागे, गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळलं की कटकट करी, म्हणून मालकांनी खाऱ्या पाण्याची ही छोटी टाकी आणून ठेवली. आत दोन केशरी मासे, एक दगड आणि दगडावर जांभळी कोरलं. कोरल म्हटलं की लोकांना काहीतरी टणक, फांद्याबिंद्यांचं वाटतं. ही तशी नव्हती. नाण्याएवढ्या मऊ चकत्या, अळंबीसारख्या दगडाला चिकटून बसलेल्या, पाण्याबरोबर हलकेच डोलणाऱ्या. जिवंत बरं का, अगदी जिवंत. रंग म्हणाल तर पिकल्या जांभळाचा, पण आतून निळसर. लॅबमध्ये हजारो रंग आले नि गेले, पण असा रंग कागदावर आणणं काही काकांना जमलं नव्हतं, आणि म्हणूनच त्यांचा त्याच्यावर जीव होता.

रोज सकाळी कामाला बसण्याआधी ते टाकीपुढे उभे राहायचे. चहासुद्धा नंतर. त्या जांभळ्यावर नजर ठेवायची, ती तिथे शांत बसली की मगच डार्करूमचं दार उघडायचं. गवई तंबोरा लावून घेतो तसे काका डोळा लावून घ्यायचे. "रात्रभर डोळ्यात भलतेसलते रंग शिरतात," म्हणायचे, "ते आधी झटकायला हवेत." लॅबमधली पोरं तोंड फिरवून हसायची, पण काका टाकीपुढे असले की त्यांच्याशी बोलायची कुणाची छाती नव्हती.

पुढे बिनरोलचे कॅमेरे आले, मग फोन आले, आणि लॅबमध्ये माशा मारायची पाळी आली. एक दिवस मालकांनी कुलूप लावलं. यंत्रं भंगारात गेली, खुर्च्या ज्याने त्याने नेल्या. मालक म्हणाले, "डोळे, तुम्हाला काय हवं ते घ्या." काका म्हणाले, "टाकी." टेम्पोत मागे रिकामी टाकी, पुढे ड्रायव्हरशेजारी काका, मांडीवर माशांची पिशवी आणि दोन पायांत बादलीभर खाऱ्या पाण्यात तो दगड. ड्रायव्हरला दर खड्ड्याला शिव्या. काकूंनी दार उघडलं आणि बघतच राहिल्या. "लोक नोकरी संपली की घड्याळ घेऊन येतात," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे समुद्र आला."

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मासे बदलले, पहिली जोडी म्हातारी होऊन गेली, दुसरी आली. चकत्या मात्र त्याच. एकीच्या दोन, दोनांच्या चार होत त्यांनी अख्खा दगड व्यापला. काका पाण्याचा खारेपणा मोजायचे, उडालेलं पाणी भरायचे, काच खरवडायचे. काकू चिडवायच्या, की माझ्या आजारपणात एवढं केलं असतंत तर मी मुद्दाम आजारी पडले असते. दुपारी जेवण झालं की काका टाकीसमोरच्या खुर्चीत बसायचे आणि पाण्याच्या पंपाचा बारीक घरघराट ऐकता ऐकता पार लॅबमध्ये पोहोचायचे. डार्करूममधला तो मिट्ट काळोख, ज्यात आपला हातसुद्धा दिसत नसे. बोटांना चिकटलेला औषधांचा आंबट वास, साबणाने कधी न गेलेला. सहलीचे रोल, बारशाचे रोल, एकाच रोलवर अर्धं लग्न नि अर्धी परीक्षेची पार्टी. एकदा एक म्हातारे गृहस्थ कपाटाच्या कप्प्यात वर्षानुवर्षं पडून राहिलेला रोल घेऊन आले. त्यात काय आहे हे त्यांनाच माहीत नव्हतं. सगळा धुरकट झालेला, फक्त शेवटच्या फोटोत कुणीतरी बाई दारात उभी. काकांनी त्या एका फोटोपायी सबंध दिवस घालवला. म्हाताऱ्याने फोटो हातात घेतला आणि म्हणाला, "हो, अशीच होती. साडीचा रंग अगदी हाच." काका ही गोष्ट सांगायचे तेव्हा इथे ते हमखास चष्मा काढून पुसायचे, आणि काकू हमखास उठून आत जायच्या, कारण ती गोष्ट त्यांनी पन्नास वेळा ऐकली होती. पण खरं सांगायचं तर लॅबमधलं जिवंत उरलेलं असं त्या घरात काका आणि त्या चकत्या, एवढंच होतं.

तर ट्यूब गेली. काका मासेवाल्याकडे गेले. हा माणूस टाकीतले मासे विकतो तसा सल्लेही विकतो, पण ते फुकट. तो म्हणाला, "काका, ती ट्यूब आता कारखान्यातच बनत नाही. एलईडी घ्या." काका म्हणाले, "बघतो." बघतो म्हणजे नाही, हे सगळ्या घरादाराला ठाऊक. शेवटी त्यांच्या लेकीनेच परस्पर दिवा विकत घेतला आणि मासेवाल्याला बरोबर घेऊन घरी आली. लेक त्याच गावात राहते, शाळेत गणित शिकवते, आणि बापाशी वाद घालायचा नसतो, काम उरकून मोकळं व्हायचं असतं, हे तिला लहानपणीच कळलेलं.

दिवा मोठा देखणा. चपटा, काळा, हाताएवढा लांब, आणि कडेला फिरवायच्या तीन खुंट्या: एक पांढऱ्या उजेडाची, एक निळ्या, एक जांभळ्या. खुंट्या बघून काकांचे हात शिवशिवले. कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्यांच्यापुढे रंग कमीजास्त करायचं यंत्र ठेवलं होतं.

"काका, एक लक्षात ठेवा," मासेवाला बजावून म्हणाला. "तुमच्या या चकत्या सावलीतली जात आहे. जास्त उजेड झाला तर भाजून निघतात. मी मंद लावून ठेवलाय. महिनाभर हात लावू नका."

"मला उजेड शिकवतोस?" काका हसून म्हणाले.

"नाही हो, कोरलं शिकवतोय."

लेकही हसली. सगळे चहा प्यायले आणि गेले. दोघं निघून गेल्यावर काका खुर्चीत बसले आणि त्यांनी चकत्यांकडे पाहिलं. रंग तो नव्हता. जांभळं कुठलं, मळकट तपकिरी दिसत होतं सगळं, उकळून ठेवलेल्या चहासारखं. "हा कसला दिवा," ते पुटपुटले. "यात निळं काही नाहीच." आणि त्यांनी निळ्या उजेडाची खुंटी जराशी फिरवली. तसं बरं वाटलं. मग जांभळी जराशी. अजून बरं. तो रंग त्यांच्या डोक्यात पक्का बसलेला होता, त्याच्यापर्यंत पोहोचायचं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. आयुष्यभर तेच तर केलं होतं.

इथे काकूंबद्दल थोडं सांगायला हवं. काकू बालवाडीत शिकवायच्या, आणि पाचपन्नास पोरांना सांभाळलेल्या बाईला एक माणूस सांभाळणं जड नसतं. दोन वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर काढायला गेले तेव्हा डॉक्टरांनी काकांना सांगितलं होतं, की मोतीबिंदू धरलाय, पिकत चाललाय, काढून टाकू. काकांनी बाहेर येऊन काकूंना सांगितलं, "नंबर वाढलाय थोडा." पण आतलं बोलणं काकूंनी दाराआडून ऐकलं होतं. त्या गप्प बसल्या. काकांना सुरीची भीती होती आणि ती भीती साधी नव्हती. ज्या माणसाने डोळ्यांवर आयुष्य काढलं, डोळ्यांवरून नाव मिळवलं, त्याने तो डोळा टेबलावर कुणापुढे उघडा कसा ठेवायचा? आणि डोळ्यांत खोट आली, हे कबूल करायचं म्हणजे मग उरलं काय? म्हणून काकू काकांचे मोजे जोड्या लावून ठेवायला लागल्या, कारण एकदा ते एक निळा, एक काळा घालून बँकेत जाऊन आले होते. सदरे त्याच काढून ठेवायच्या. काकांना वाटायचं, म्हातारपणी बायकोचं प्रेम वाढलंय.

पण दिव्याने काकूंची परीक्षा पाहिली. दुसऱ्या दिवशी त्या खोलीत आल्या आणि डोळ्यांवर हातच धरला. भिंती निळ्या, खुर्च्या निळ्या, काकांचं डोकं निळं. "अहो, हे काय? डोळे दिपतात की!"

"आता कुठे जरा रंग यायला लागलाय," काका खुशीत म्हणाले.

काका दुपारी पडले की काकू हळूच येऊन खुंट्या उतरवायच्या. काका उठून यायचे, बघायचे, "पुन्हा उतरला वाटतं, चिनी माल," म्हणायचे आणि होत्या त्याहून थोड्या जास्त चढवायचे. असा खेळ बरेच दिवस चालला. एकदा काकांनी काकूंना खुंटीशी रंगेहाथ पकडलं. ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "तुला पण नाही पटत माझ्या डोळ्याचं?" त्या आवाजात असं काही होतं की काकूंनी पुन्हा खुंटीला हात लावला नाही. मूग गिळून बसल्या. आणि चूक झाली ती तिथेच.

चकत्या आक्रसायला लागल्या. आधी कडा आत वळल्या, मग एकेक चकती पांढुरकी होत गेली. काचेवर शेवाळ चढलं. मोतीबिंदूच्या पिवळ्या पडद्यातून काकांना पांढरं दिसत नव्हतं, त्यांना दिसत होतं फिकट पिवळट, आणि पिवळं दिसलं की निळा वाढवायचा हे त्यांच्या हाडीमांसी खिळलेलं. जितक्या चकत्या भाजत होत्या तितका ते उजेड चढवत होते. रोज सकाळी तासन्‌तास बसायचे, जेवायचेही नाहीत धड. "दिवसेंदिवस हातातून सुटत चाललंय," काकूंना म्हणाले. "लॅबमध्ये असं कधी झालं नव्हतं." काकू ओट्याशी जाऊन डोळे पुसून आल्या.

शेवटी त्यांनीच लेकीला फोन केला. लेक मासेवाल्याला घेऊन आली आणि उंबऱ्यातच थबकली. "बाबा, इथे वेल्डिंगचं दुकान काढलंय का?"

मासेवाला टाकीपाशी वाकला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला. "काका, या पार पांढऱ्या पडल्यात हो. जळाल्या सगळ्या."

"पांढऱ्या? पिवळ्या म्हण," काका म्हणाले. "तुझा दिवाच पिवळा."

"दिवा निळाशार आहे, काका! डोळ्यांना दिसत नाही का?"

झालं. हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारायला नको होतं. काका ताडकन उठले, आत गेले आणि कपाटातून एक जुना पुठ्ठ्याचा डबा घेऊन आले. "मला दिसत नाही? मला? बसा इथे दोघं. आज परीक्षा होऊन जाऊ दे."

डब्यात होत्या मॅडम. लॅबमध्ये नव्या माणसाची परीक्षा घ्यायला एक संच असायचा: एकाच बाईचा तोच फोटो सात वेळा छापलेला, कुणात पिवळा जास्त, कुणात निळा जास्त, आणि मधला एकच अगदी बरोबर. फोटो पिसायचे आणि पिवळ्यापासून निळ्यापर्यंत ओळीने लावायला सांगायचं. मागे आकडे असायचे, उलटवून तपासायला. ही बाई कोण, कुठली, कुणालाच ठाऊक नव्हतं, सगळे तिला मॅडम म्हणायचे. काकांनी कितीतरी पोरांना मॅडमच्या पेपरात नापास केलं होतं.

मासेवाल्याने लावले, दोन चुकले. लेकीने लावले, सावकाश, ओठ दाबून, वर्गात पेपर तपासावा तसे. "आता बघा," काका म्हणाले. फोटो परत पिसून त्यांनी पत्ते वाटावेत तसे धडाधड ओळीने टाकले, आणि त्यांतल्या एकावर बोट ठेवून म्हणाले, "ही मॅडम. ही बरोबर. हिच्या गालाचा रंग मी आंधळा झालो तरी ओळखेन."

"बाबा, उलटून बघू या?" लेक हळू म्हणाली.

"उलट ना!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांचं बोट होतं ते सातव्या फोटोवर. सगळ्यांत निळा. पिवळ्यांच्या बाजूचे तिन्ही उलटसुलट. काकांना वाटलं आपण काहीतरी चुकीचं वाचलं, म्हणून त्यांनी फोटो डोळ्यांशी नेऊन आकडा पुन्हा पाहिला. "जुने झालेत," ते म्हणाले. "उडालेत रंग."

"उडाले असतील," लेक म्हणाली. तिने लावलेली ओळ मघाशी त्यांनीच उलटवून पाहिली होती. एकही चुकला नव्हता.

मासेवाला बिचारा बुटात पाय घालून, "मी येतो हं," म्हणत निघून गेला. काकांनी काकूंकडे पाहिलं. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"दोन वर्षं मोज्यांच्या जोड्या लावतेय मी," काकू म्हणाल्या आणि रडूच लागल्या. "मी बोलायला हवं होतं हो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तोंड शिवून बसले आणि तुमच्या चकत्या गेल्या."

"तू कशाला रडतेस? दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढत हिंडलो जन्मभर," काका म्हणाले, "माझं मुसळ कोण काढणार होतं?" हसायला गेले, पण ते हसणं काही जमलं नाही. त्यांनी फोटो गोळा केले, कडा जुळवल्या, डबा बंद केला. मग लेकीला म्हणाले, "ये इकडे. खुंट्या तू फिरव. मला नको विचारूस, तुला बरोबर वाटेल तिथे थांब."

लेकीने उजेड उतरवला. टाकी काकांना पुन्हा चहाच्या पाण्यासारखी दिसायला लागली. ते खुंट्यांपासून मागे सरकले. फक्त विचारलं, "एखादी तरी आहे का गं?" लेक जमिनीवर गुडघे टेकून, मान वाकडी करून दगडाखाली बघत राहिली. "खालच्या बाजूला आहेत, बाबा. सावलीत. तीन... नाही, चार आहेत. जांभळ्या आहेत."

"आहेत?"

"आहेत, बाबा. शप्पथ."

काकांनी मान हलवली. स्वतःचा डोळा बाजूला ठेवून दुसऱ्याच्या डोळ्यावर विश्वास ठेवायची ती त्यांची पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी ते आपणहून डॉक्टरांकडे गेले. ऑपरेशनच्या टेबलावर इतके थरथरत होते म्हणे, की नर्सबाईंनी हात धरून ठेवला. आणि झालं काय, चहा निवायच्या आत ऑपरेशन उरकलंसुद्धा. काका दुसऱ्या डोळ्याचंही लगेच उरका म्हणायला लागले, डॉक्टरांनीच दटावून घरी पाठवलं.

पट्टी सुटल्यावर काका घरी आले ते प्रत्येक वस्तूपाशी थांबत. एक डोळा झाकायचा, दुसऱ्याने बघायचं, मग उलट. जुन्या डोळ्याने भिंत पिवळी, नव्याने पांढरीशुभ्र. "अगं, तू एवढी पांढरी कधी झालीस?" काकूंच्या केसांकडे बघून ते ओरडले.

"केव्हाच झाले. तुम्ही सोनेरी केस म्हणायचात, मला वाटायचं लाडात आलाय."

मग टाकी. काकू आणि लेक दोघी श्वास रोखून दाराशी उभ्या. काका जमिनीवर बसले, मान वाकडी केली. लेकीने मधल्या दिवसांत उजेड मंदच ठेवला होता आणि दगडाखालच्या त्या चार चकत्या आता कडेला सरकून फुलल्या होत्या. काकांनी त्या पाहिल्या आणि लहान मुलासारखे ओक्साबोक्शी रडले. "हाच," म्हणत राहिले, "हाच रंग, हाच." वरच्या बाजूला उघडा पडलेला दगडही त्यांनी पाहिला. "त्या मी मारल्या," म्हणाले. काकू म्हणाल्या, "आपण दोघांनी." लेक म्हणाली, "चारांच्या आठ होतात, बाबा, हे मी गणिताच्या तासाला शिकवते." तेव्हा कुठे ते हसले.

डोळ्यांतून पाणी येतंय, थेंब घालायची वेळ झाली, म्हणून काकू त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेल्या. काका पलंगावर आडवे झाले आणि वर पाहिलं. समोरच्या भिंतीवर लेकीच्या लग्नाचा फोटो होता, भला मोठा. लॅब बंद व्हायच्या आधी काकांनी स्वतःच्या हाताने केलेलं ते शेवटचं काम. बाकी सगळं तोवर यंत्रच करायचं, पण हा फोटो त्यांनी यंत्राला करू दिला नव्हता. डार्करूममध्ये एकटे उभे राहून, फिल्टर पुन्हा पुन्हा बदलून त्यांनी तो काढला होता.

काकूंच्या हातात थेंबाची बाटली तशीच राहिली, कारण काका उठून भिंतीशी गेले होते. एक डोळा झाकला. मग तो उघडून दुसरा झाकला. फोटोत सगळेच्या सगळे निळसर होते. नवरी निळी, नवरा निळा, व्याही-विहीण निळे, ओठ तर जांभळेच. लेक दारात येऊन उभी राहिली होती.

"हे तेव्हापासून होतं?" काकांनी न वळता विचारलं.

लेक त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली.

"तुला दिसलं होतं?"

"हो, बाबा."

"आणि सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"अगं, मग एकानेही सांगू नये? एवढी वर्षं भिंतीवर टांगून ठेवलंत!"

"तुम्ही तो फोटो घेऊन आलात ना घरी," लेक म्हणाली, "तेव्हा चपला काढायच्या आधी तुम्ही भिंतीत खिळा ठोकलात. म्हणालात, आयुष्यभर फोटो काढले, पण अगदी बरोबर आला तो हा एकच. कुणाच्या तोंडून शब्द फुटणार होता?"

काकांनी फोटो उतरवायला हात वर केला. "निगेटिव्ह आहे माझ्याकडे," मग म्हणाले. "कुठेतरी नीट छापून घेतो. तुझ्या सासरीही हाच आहे की. काय म्हणत असतील लोक?"

"काही म्हणत नाहीत. कुणी विचारलंच तर आम्ही सांगतो, त्या दिवशी फार थंडी होती."

"थंडी?" काका म्हणाले. "अगं, भर उन्हाळ्यात लग्न होतं तुझं. घामाने डबडबले होते सगळे."

"हो ना," लेक म्हणाली. "पण तुमच्या जावयांनी तर सांगून सांगून इतकं पक्कं केलंय, की आता आमच्या घरात सगळ्यांना ती थंडी आठवते. तुम्ही त्या फोटोला हात लावायचा नाही, बाबा."